तळबोली आणि उचकी

मी एक भाषा बनवली आणि ती मला बोलता येत नाही.

हे एका वाक्यात सांगून टाकलेलं बरं. नाहीतर आमच्या सोसायटीत हीच गोष्ट प्रत्येक मजल्यावर वेगळी सांगितली जाते आणि प्रत्येक मजल्यावर शेवटी माझंच हसं होतं. माझ्या सांगण्यातही ते होणारच आहे, पण निदान वाटेत थोडी माझी बाजू येईल.

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरून आत वळलं की. पार्किंगच्या डोक्यावर एक हॉल आहे. सकाळी तिथे योगासनं होतात, अधूनमधून बारसं होतं, आणि संध्याकाळी आमचा नाट्यग्रुप. ग्रुपची दिग्दर्शिका म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची सून. नोकरी कॉम्प्युटरमधली, माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं, कोळ्यांचं. ठाण्यातल्या एका स्पर्धेसाठी तिने एकांकिका लिहिली होती. खाडीच्या तळाशी एक राज्य आहे, वर पुलाचं काम सुरू होतं, आणि एक खांब थेट राजवाड्याच्या दिवाणखान्यात उतरतो, अशी गोष्ट. "लहानपणी बाबांबरोबर होडीत बसलेली असायचे ना काका," ती म्हणाली, "तेव्हा वाटायचं, खाली कोणीतरी जेवायला बसलंय आणि आपण त्यांच्या ताटावरून चाललोय."

मला हे फार आवडलं. पुढचं तेवढं आवडलं नाही.

"आता तळातली माणसं मराठी बोलायला लागली तर सगळी मजा गेली. त्यांची भाषा पाहिजे. ती तुम्ही बनवा."

"मीच का?"

"सोसायटीच्या नोटिसा तुम्हीच लिहिता ना? त्या कोणालाच कळत नाहीत."

मी जन्मभर विम्याच्या कचेरीत पत्रं लिहिलेला माणूस. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द माझ्या हातातून आपोआप येतात, त्याला माझा इलाज नाही. पण मी लगेच होकार दिला, आणि त्याला कारण वेगळंच होतं. राणीचं काम आधीच माझ्या बायकोला मिळालं होतं. राजा अजून ठरायचा होता. राजाराणी सिंहासनांवर शेजारीशेजारी बसून सबंध नाटकभर एकमेकांशी बोलतात, आणि ते काय बोलतात हे आजूबाजूच्या कोणाला कळत नाही, असं ते काम होतं.

मला राजा व्हायचं होतं. आमच्या घरात बोलणं उरलं होतं ते 'गॅस बंद केलात का' आणि 'किल्ली घेतलीत का' एवढंच. ती तिच्या खोलीत मोबाइलवर, मी माझ्या खुर्चीत पेपरात. आता आम्हा दोघांनाच येणारी एक अख्खी भाषा होणार होती. आणि भाषा माझी म्हटल्यावर राजा दुसरा कोण होणार? हा हिशेब मी मनात केला, कोणाला बोललो नाही.

भाषा बनवायची म्हणजे आधी आवाज ठरवावे लागतात. शब्द मागाहून येतात. बाराखडीतले आवाज सगळे वापरून झालेले. त्यांची कशीही उलटापालट केली तरी ऐकणाऱ्याला वाटतं, हा मराठीच उलटी बोलतोय. लहानपणी आम्ही प्रत्येक शब्दात 'च' घुसडून चोरून बोलायचो तसली ती गत. दोन-तीन दिवस मी गच्चीवर फेऱ्या मारत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य घोकत होतो. शाळेत ही यादी पाठ करताना मार खाल्ला होता, तो तेवढा आठवला.

वाट दाखवली ती बायकोने, तेही मिसळ खाताना. घास जरा जहाल लागला आणि तिने दात जुळवून हवा आत ओढली : 'स्स्स!' मी चमचा खाली ठेवला. हा आवाज बाराखडीत कुठे आहे? तेवढ्यात तिच्या विठ्ठलवाडीच्या बहिणीचा फोन आला. तिकडे कोणाचा तरी पाय मोडला होता. बायको म्हणाली, "च्च च्च." आपण हे 'च' काढून लिहितो खरं, पण तो काही चमच्यातला 'च' नाही. जीभ दातांमागे चिकटवून ओढून सोडायची, तेव्हा ती हळहळ बाहेर पडते. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मराठी माणूस दिवसभर तोंडाने जे आवाज काढतो त्यांतल्या कितीतरी आवाजांना अक्षरच नाही. त्यांना कोणी घरात घेतलेलं नाही. मी घ्यायचं ठरवलं.

तीन व्यंजनं पक्की केली. हळहळीचा तो 'हळहळ्या'. मिसळीचा तो 'ठेच्या'. आणि तिसरा 'टांग्या' : जीभ टाळूला चिकटवून खाली आपटायची, 'ट्टक'. लहानपणी कल्याण स्टेशनबाहेरचे टांगेवाले घोड्याला हाकताना हा आवाज करायचे, आणि आम्ही घरी येऊन दिवसभर. काही मोडण्या-हरवण्याचा शब्द असला की त्यात हळहळ्या, येण्याजाण्याचा असला की टांग्या, खाण्यापिण्याचा असला की ठेच्या. स्वर फक्त इ, उ आणि नाकातला उं. 'आ' नाही, कारण पाण्याखाली आ केला की खाडी पोटात.

मग मला ती कल्पना सुचली, जिने माझा घात केला. आपण बोलतो तेव्हा श्वास बाहेर सोडतो. पाण्याखाली श्वास सोडला की बुडबुडे होणार, आणि बुडबुडे म्हणजे उधळपट्टी. म्हणून तळातली माणसं श्वास आत ओढता ओढता बोलतात. सबंध भाषाच आत ओढलेल्या श्वासाची! तिचं नाव ठेवलं तळबोली.

ते दिवस फार सुखाचे गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून नवा शब्द सांगायचो आणि बायको पोळी लाटता लाटता तो म्हणून बघायची. तिला ते पहिल्या दिवसापासून जमलं. तिचा आवाज आत जाताना किंचित घोगरा व्हायचा, दुरून आल्यासारखा. पाहुणा आला की तळातली माणसं पाणी विचारणार नाहीत, त्यांच्याकडे पाण्याला काय तोटा? ती विचारतात, 'हवा घेणार?' तळबोलीत 'स्सी ट्टकू?' हे वाक्य मी बनवलं त्या संध्याकाळी बायकोने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि श्वास आत घेत म्हणाली, "स्सी ट्टकू?" आम्ही दोघंही हसलो. असं हसून बराच काळ लोटला होता.

मी मान डोलावली. नुसती मान. इथेच माझं चुकलं. आचाऱ्याने सगळा स्वयंपाक दुसऱ्याला चाखायला लावावा आणि स्वतः एक घास खाऊ नये, तसं मी केलं. एकेक आवाज सुटा सुटा काढून बघितला होता, पण आत ओढलेल्या श्वासावर अख्खं वाक्य मी एकदाही म्हटलं नव्हतं.

पहिल्या वाचनाला हॉलमध्ये ग्रुप जमला. मी पुढे उभा राहून आधी छोटंसं भाषण केलं, तिन्ही व्यंजनांची कुळकथा सांगितली. मग म्हटलं, आता राजाचं स्वागताचं वाक्य म्हणून दाखवतो. बायकोकडे बघितलं, छाती भरून श्वास ओढला आणि म्हटलं, "ट्टकी उं, ट्टकी उं, स्सी..."

आणि मला उचकी लागली.

साधी नव्हे. खांदे उडवणारी. मी थांबलो, पुन्हा श्वास ओढला, पुन्हा "ट्टकी" म्हटलं, पुन्हा उचकी. आपल्याकडे उचकी लागली की औषधाआधी चौकशी होते. "कोण आठवण काढतंय बघा," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे माझ्या नातेवाइकांवर तुटून पडले. ज्याचं नाव घेतल्यावर उचकी थांबेल तो आठवण काढणारा. माझी थोरली बहीण घेऊन झाली, नागपूरचा भाचा झाला, विठ्ठलवाडीची मेहुणी झाली, ऑफिसातला जुना साहेबही झाला. उचकी थांबेना. "काका, मागे कोणी कॉलेजात वगैरे होती का?" दिग्दर्शिकेने विचारलं. बायकोनेही उत्सुकतेने माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तर नेमकी त्याच वेळी एक मोठी उचकी आली.

तेवढ्यात हॉलच्या दारात डॉक्टर उभे राहिले.

डॉक्टर म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधले, तळमजल्यावर दवाखाना असलेले दंतवैद्य. माझ्याच वयाचे, पण केस सगळे जागेवर आणि दात तर विचारूच नका. हसले की पाटी न वाचताही धंदा कळावा. दवाखाना बंद करून घरी चाललेले, आवाज ऐकून आत आलेले. त्यांनी मला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि माझ्या हातातला कागद वाचला.

"हे काय हो? हे आत श्वास घेऊन म्हणायचं? आणि जीभ इथे? वरच्या दातांच्या मागे, हिरडीला?" आणि त्या माणसाने, तिथल्या तिथे, कुठलीही तयारी नसताना, राजाचं सबंध स्वागताचं वाक्य म्हणून दाखवलं. हळहळ्या हळहळत होता, टांग्या टापांसारखा वाजत होता, आणि शेवटचा ठेच्या असा लांबत आत गेला की आमच्या सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. सिंहासनाच्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून माझी बायको म्हणाली, "स्सी ट्टकू?" डॉक्टर म्हणाले, "स्सी, स्सी." म्हणजे, घेतो की.

माझ्या उचकीने तेवढ्यापुरती माघार घेतली. बहुधा धक्क्याने.

"सर," दिग्दर्शिका म्हणाली, "तुम्ही आमचे राजा." मी तिचा काका, पण तो माणूस पहिल्या मिनिटाला सर. हेसुद्धा मी नोंदवून ठेवलं.

त्यानंतरचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात हलका महिना. हलका म्हणजे मनाने नव्हे, लायकीने. मत्सर हा शब्द मला पूर्वी पुस्तकी वाटायचा. आता तो कुठे बसतो तेही कळलं. बरगड्यांच्या खाली, उचकी निघते बरोबर तिथे. राजाराणींना तालमीखेरीज सराव हवा म्हणून दोघं फोनवर एकमेकांना आवाजी निरोप पाठवू लागली. मी पेपरामागे बसलेला, आणि स्वयंपाकघरातून डॉक्टरांचा आवाज येतोय, माझ्या भाषेत, माझ्या घरात. शब्द सगळे माझे, अर्थ मला माहीत. डॉक्टर काही वावगं बोलत नव्हते. 'आमच्या घरात खांब आला' हेच वाक्य ते वेगवेगळ्या चढउतारांनी म्हणून पाठवत. पण बायको ते पुन्हा पुन्हा ऐकायची. मी म्हटलेलं एकही वाक्य तिने आजवर दोनदा ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तरी पुष्कळ.

त्यात तिची दाढ दुखायला लागली. आता दाढ दुखली तर माणूस कुठे जाणार? "कल्याणला एक चांगले आहेत म्हणे," मी सुचवून बघितलं. ती म्हणाली, "खाली दवाखाना असताना कल्याणला जाऊ? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" परत आली तेव्हा अर्धा गाल बधिर, ओठ एकीकडे झुकलेला. मला वाटलं, निदान आज तरी बोलणं बंद. तर दारातच म्हणाली, "ऐका, ऐका," आणि बधिर गालाने असा टांग्या काढला की टांग्यामागे प्रत्यक्ष घोडा उभा असावा. "डॉक्टर म्हणाले, गाल सैल सोडायचा. गाल आवळला की आवाज चपटा होतो. आपल्याला हे सुचलंच नाही हो!"

आपल्याला म्हणजे मला. त्या माणसाने माझ्या बायकोच्या तोंडात आरसा घालून माझ्या भाषेची दुरुस्ती केली होती.

मी गॅलरीत जाऊन राजाचं वाक्य म्हणून बघितलं. गाल सैल सोडून. उचकी. शेजारच्या गॅलरीतल्या आजी कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "कोणीतरी आठवण काढतंय रे तुझी." मी म्हटलं, "कोणी काढत नाहीये, तोच तर प्रश्न आहे."

मग माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे एक हत्यार आहे आणि ते डॉक्टरांकडे नाही. भाषा माझी आहे. ती मी बदलू शकतो. उच्चाराचे नियम मी केले, तर ते मोडायचा हक्कही माझाच. मी बसून एक नवा नियम तयार केला आणि पुढच्या तालमीला गंभीर चेहऱ्याने मांडला.

"अभ्यासांती असं आढळलंय," मी म्हटलं, कोणाच्या अभ्यासांती ते सांगितलं नाही, "की तळातली गरीब माणसं श्वास आत ओढून बोलतात, हे बरोबर. पण राजा? राजाकडे हवा भरपूर. मोठी माणसं आपली श्रीमंती उधळून दाखवतात. तेव्हा राजाने श्वास बाहेर सोडत बोलायला हवं. राजउच्चार वेगळा."

बाहेर सोडलेल्या श्वासावर तळबोली मला अस्खलित येत होती. हे कोणाला सांगायची गरज नव्हती.

डॉक्टर विचारात पडले. "म्हणजे मला सगळं नव्याने शिकावं लागेल," ते म्हणाले, आणि मी मनातल्या मनात सिंहासनावर जाऊन बसलो. बायकोचा चेहरा मात्र बदलला. "असं कसं?" ती म्हणाली. "आम्ही एवढं घटवलं ते काय फुकट? आणि राजाने बाहेर सोडायचा, राणीने आत ओढायचा, मग दोघं बोलणार कशी? एकाचं दुसऱ्याला पोचणार तरी का?"

"राजघराण्यात असंच असतं," मी म्हटलं.

"घराघरांत असतं," ती म्हणाली.

पण दिग्दर्शिकेचे डोळे चमकले होते. "काका! भारी आयडिया दिलीत. फक्त राजाला नाही द्यायची. इंजिनिअरला द्यायची! वरून आलेला माणूस श्वास उधळत बोलतो आणि खालचे जपून. प्रेक्षकाला काही समजवायलाच नको. आणि शेवटी सरांचं ते सगळं आत ओढून म्हणायचं वाक्य... काका, अंगावर काटा येईल!"

खरंच आला. त्याच संध्याकाळी करून बघितलं, आणि डॉक्टर पूर्वीपेक्षा दुप्पट उठून दिसले. माझ्या मत्सरातून निघालेला नियम त्यांच्याच पथ्यावर पडला. इंजिनिअरचं काम श्वास बाहेर सोडून करायचं होतं, मला जमलं असतं, पण ते आधीच दुसऱ्या मजल्यावरच्या खऱ्या इंजिनिअरला दिलेलं. डॉक्टर तालीम संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुमच्या डोक्याची कमाल आहे बुवा." मनापासून म्हणाले. चांगल्या माणसाचा मत्सर करणं फार मेहनतीचं काम आहे. नालायक माणूस निदान मदत तरी करतो.

"मी काय करू मग?" मी दिग्दर्शिकेला विचारलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "खांब कोण करणार हा प्रश्नच आहे. उंच माणूस पाहिजे. आणि गप्प."

मी खांब झालो. पुठ्ठ्याचं उभं नळकांडं, वरून करडा रंग, डोळ्यांपाशी दोन भोकं. आत उकडायचं, खाजवायला हात निघायचा नाही. पण मी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. "खांब दोन सिंहासनांच्या बरोबर मधोमध उतरायला हवा," मी दिग्दर्शिकेला सुचवलं. "दोघांत दुरावा, वगैरे." तिला पटलं. त्यानंतरच्या प्रत्येक तालमीत मी राजा आणि राणी यांच्यामध्ये उभा होतो. त्यांना एकमेकांकडे बघायचं झालं तर माझ्या बाजूने माना वाकवाव्या लागत. एवढं समाधान मला कुठल्याच भाषेने दिलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी ठाण्याचा हॉल भरलेला होता. पडदा वर गेला, खालच्या राज्यातला निळा उजेड आला, आणि माझ्या तळबोलीचे पहिले आवाज प्रेक्षकांत गेले. आधी थोडी खसखस पिकली. मग लोक गप्प झाले. मी विंगेत नळकांड्यात उभा राहून ऐकत होतो. अर्थ कोणाला कळत नव्हता आणि तरी सगळ्यांना कळत होतं. हे मी केलंय, असं ओरडून सांगावंसं वाटलं. खांबाला ते शोभलं नसतं.

मग मी उतरलो. धडाम आवाज, धूर, आणि मी मधोमध. राणी एका बाजूला कोसळली. राजा सावकाश उठला. आता नाटकातलं ते मोठं वाक्य : 'आपलं घर मोडलं.' मोडण्याचा शब्द, म्हणजे हळहळ्या. डॉक्टरांनी श्वास आत घेतला आणि म्हणाले तर टांग्या! 'च्चू' म्हणायचं तिथे 'ट्टकू' म्हणाले. आपलं घर मोडलं, याच्या जागी, आपलं घर चालायला लागलं!

पहिल्या रांगेतल्या एक बाई पदराने डोळे टिपत होत्या. परीक्षक पुढे सरकून बसले होते. त्या भरलेल्या हॉलमध्ये, खरं तर सबंध जगात, खाली पडलेली राणी सोडली तर ती चूक कळू शकेल असा एकच माणूस होता आणि तो पुठ्ठ्याच्या आत उभा होता. शहाण्या माणसाने काय केलं असतं? शहाणा माणूस मुळात पुठ्ठ्यात नसता. महिनाभर मी वाट बघत होतो की या माणसाच्या तोंडून एकदा तरी चुकीचा उच्चार निघावा. तो निघाला, आणि माझ्याने राहवलं नाही.

"च्चू!" खांब म्हणाला. श्वास आत ओढून. नियमाप्रमाणे.

आणि खांबाला उचकी लागली.

सबंध नळकांडं एकदा उडालं. मी श्वास कोंडून धरला. पुन्हा उडालं. मग पाठीमागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे, खांबाची कोणीतरी आठवण काढतंय!" लगेच दुसरीकडून उत्तर : "कॉन्ट्रॅक्टरचं नाव घ्या, थांबेल!"

हॉल फुटला. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. महिनाभराची सगळ्यांची मेहनत माझ्या बरगड्यांखालून एकेक उचकीसरशी वाहून चालली होती. भोकांतून मला डॉक्टर दिसत होते. वाक्य विसरून, हात अर्धवट वर, नुसते उभे. माझी महिनाभराची इच्छा पुरी झाली होती, आणि ती इतकी वाईट दिसते हे मला माहीत नव्हतं.

तेव्हा राणी उठली. संहितेत ती शेवटपर्यंत पडून असते. ती माझ्याजवळ आली, पुठ्ठ्यावर हात ठेवला आणि घरात आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं, श्वास आत ओढून, अगदी हळू विचारलं, "स्सी ट्टकू?"

हवा घेणार?

सबंध नाटकात ते वाक्य इंजिनिअरला एकदा, सुरुवातीला विचारलेलं होतं, आणि तिच्या खुणांवरून ओळखून त्याने 'हवा? नको' असं मराठीत म्हटलं होतं. त्यामुळे अर्थ सगळ्यांना माहीत होता. हसू कुठल्या कुठे गेलं. घर मोडून आत घुसलेल्या खांबाला ती श्वास देऊ करत होती. मला उत्तर द्यायचं होतं. उत्तर दोन अक्षरांचं, मीच बनवलेलं. पण तोंड उघडण्याआधी आणखी एक उचकी आली. राणीने ती होकार समजून मान हलवली. टाळ्या सुरू झाल्या आणि पडदा पडेपर्यंत थांबल्या नाहीत.

बक्षीस समारंभात परीक्षक म्हणाले की, आक्रमकालाही अखेर श्वास लागतोच, हा विचार खांबाच्या उचकीतून मांडणाऱ्या दिग्दर्शिकेच्या प्रतिभेला दाद द्यावी तेवढी थोडी. दिग्दर्शिकेने मान लववून ती घेतली. अभिनयाचं पारितोषिक डॉक्टरांना मिळालं. बायकोला मिळायला हवं होतं, असं माझं मत आहे आणि त्यात मत्सराचा भाग निम्माच आहे. भाषेला बक्षीस नसतंच.

नंतर सगळे टेंभी नाक्याजवळ मिसळ खायला बसलो. रस्सा चांगलाच जहाल होता. टेबलभर सगळे दात जुळवून ठेच्या काढत होते, आणि मी एकटा सोडला तर तो माझा आहे हे कोणाच्या लक्षात नव्हतं. डॉक्टर ट्रॉफी बाजूला ठेवून माझ्याकडे वळले. "जीभ सुकली हो माझी तिथे. पण तुम्ही पकडलंत! मला वाटलेलं कोणाला कळणार नाही." मग बायकोकडे वळून म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही होतात म्हणून वाचलो." आणि गाडी काढायला उठून गेले. तक्रारीला जागाच ठेवत नाहीत, हाच त्या माणसाचा मोठा दोष.

आम्ही दोघंच उरलो. माझी उचकी अजून गेली नव्हती. आता बारीक झाली होती, पण येत होती. बायकोने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं, हीच वेळ आहे. तिने भरल्या हॉलमध्ये मला, पुठ्ठ्यातल्या मला, माझ्या भाषेत हवा विचारली होती. राजाला नव्हती विचारली.

मी जरा लाडात येऊन म्हटलं, "अगं, बघ ना, अजून थांबत नाहीये. कोण एवढी आठवण काढत असेल माझी?"

तिने तर्री लागलेला पाव तोंडात घातला, दात जुळवून हवा आत ओढली, डोळे पुसले आणि म्हणाली, "कोणी नाही. आठवण यायला माणूस आधी समोरून हलावा लागतो. पाणी प्या."